सिनेमा सुटल्यावरचं भांडण

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या नवऱ्याचं सिनेमाबद्दलचं मत म्हणजे पाणी सुटण्याच्या वेळेसारखं होतं. सगळ्यांना ते माहीत हवं असायचं. आम्ही नवा सिनेमा पाहून आलो की जिन्यातच कुणीतरी गाठायचं, "काय म्हणता, जावं का?" की हे कठड्याला टेकून सुरू. यांची सगळी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेली. समोर येईल त्याचा नमुना काढून तपासायचा, ही सवय हाडात मुरलेली. नायकाने गावाहून सकाळची एसटी पकडली तर तो दुपारच्या लग्नाला पोचेलच कसा, बाईचा हात भाजलाय तर पुढच्या प्रसंगात पट्टी दुसऱ्या हाताला कशी, असं सगळं यांना दिसायचं. ऐकणारे हसायचे, वाद घालायचे. तोवर मी वर जाऊन कुकर लावलेला असायचा.

कुणी मला विचारलंच तर मी "चांगला होता" म्हणायची. यात मला काही डाचायचं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायची. दिवसभर पोरांशी बोलून घसा बसलेला असायचा, आणि घरी एक माणूस दोघांचं बोलतोय तर बरंच होतं.

ते बोलणं एका सकाळी थांबलं. चहा पिता पिता यांनी माझ्याकडे चष्मा मागितला. हात पुढे केला, चष्म्याकडेच बोट दाखवलं, पण तोंडातून आलं, "मंगळवार."

"काय?"

"मंगळवार," हे पुन्हा म्हणाले, आणि स्वतःच दचकून माझ्याकडे पाहायला लागले. मग कप हातातून निसटला.

शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत हॉस्पिटल गाठता आलं. आमची मुलगी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते. ती ट्रॅफिकमधून वाट काढत पोचली तेव्हा यांना आत नेलं होतं. मेंदूत गुठळी झाली होती. नशीब म्हणा की डॉक्टरांचं कसब, उजवा पाय महिन्याभरात सुधारला, हातही बराचसा आला. शब्द मात्र आले नाहीत. कळायचं सगळं. पेपर हातात घेतला की नजर ओळींवरून फिरायची. पण बोलायला गेले की "हो", "नाही" आणि तो "मंगळवार" एवढंच यायचं. पाणी हवं तरी मंगळवार, पंखा बंद कर म्हणायचं तरी मंगळवार. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना समजायचं, आणि तेच मला बघवत नसे.

जिन्यात भेटणारी माणसं हळूहळू मान हलवून पुढे सरकायला लागली. काय बोलायचं हे त्यांनाही कळत नसावं.

बोलणं सुधारावं म्हणून आम्ही कल्याणला विठ्ठलवाडीच्या बाजूला एका केंद्रात जायचो. तिथली थेरपिस्ट तरुण मुलगी होती. ती चित्रांची कार्डं दाखवायची: कप, छत्री, गाय. गायीचं कार्ड आलं की हे तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. एकेकाळी रसायनांची हातभर लांब नावं एका दमात म्हणणारा माणूस, त्याला गाय ओळखायला सांगायची! मला त्यांचा राग समजत होता.

एके दिवशी त्या मुलीने कार्डं बाजूला ठेवली. "काकू, आधी काका कशावर सगळ्यात जास्त बोलायचे?"

"सिनेमावर," मी म्हणाले. "म्हणजे, सिनेमा पाहून आल्यावर त्याची चिरफाड करायचे."

ती हसली. "मग न्या ना त्यांना सिनेमाला. आणि आल्यावर बोला."

"बोलणार कोण? यांना तर…"

"तुम्ही बोला. फक्त एक करा, ते बोलायला लागले की थांबायचं. शब्द अडला तरी तुम्ही पुरवायचा नाही. कितीही वेळ लागो."

ठाण्याच्या लेकीला सांगितलं तर ती खूश. तिने त्याच रविवारी तिकडच्या एका मॉलमध्ये तिकिटं काढली. मोठा पिक्चर, मोठा पडदा, मऊ खुर्च्या, पोटच्या पोरीची हौस. पण पहिल्या मारामारीतच त्या आवाजाने यांनी कानांवर हात दाबले. मध्यंतरापर्यंत कसेबसे बसले आणि उठून थेट बाहेर. सरकत्या जिन्याशी उभे राहून म्हणत होते, "मंगळवार, मंगळवार." जवळून जाणारी एक बाई बिचकून बाजूला झाली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीत ती म्हणाली, "आई, राहू दे. नको बाबांना त्रास."

मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या रात्री जेवताना यांनी मोबाइल पुढे ओढला आणि बोटाने सरकवत सरकवत सिनेमांच्या जाहिराती बघत बसले. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच चौकशी केली. कल्याणला एका छोट्या थिएटरमध्ये एक मराठी सिनेमा लागला होता, गुरुवारी दुपारचा खेळ. अशा वेळी गर्दी कोण करणार? कॉलेजची चार पोरं, मागे एक झोपलेले गृहस्थ, आणि आम्ही.

सिनेमा एका बाईचा होता. नवरा गेल्यावर ती त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायला घेते. सासरचे विरोध करतात, गाव हसतं, पण ती पंक्चर काढायला शिकते, आणि शेवटी दुकानाला नवा रंग देते. हे शेवटपर्यंत बसले. दिवे लागले तरी पडद्यावरची नावं बघत बसून होते.

बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही बाकड्यावर बसलो. पूर्वी याच वेळी यांचा तोफखाना सुरू व्हायचा. आता फक्त रस्त्यावरचे हॉर्न. त्या शांततेत मला अवघडायला झालं, आणि थेरपिस्टने सांगितलेलंही आठवत होतं. मी सुरुवात केली.

"मला आवडला बाई," मी म्हणाले. मग वाटलं, एवढ्यावर कसं भागेल? "सांगू का? सुरुवातीला त्या घरात सगळं कसं राखाडी होतं, पडदे, भांडी, तिची साडी. मग ती दुकानात बसायला लागल्यावर एकेक रंग येत गेला. आधी तिच्या बांगड्या हिरव्या. मग ती चादर. आणि शेवटी तो निळा रंग दिला ना दुकानाला, तो अगदी तिच्या माहेरच्या दाराचा निळा होता. कुणी बोलून दाखवलं नाही, पण होता तोच. मला तर तिथे रडूच आलं."

बोलता बोलता मलाच आश्चर्य वाटलं. हे सगळं मी पाहिलं होतं? इतकी वर्षं पाहतच असणार. कधी तोंडातून काढलं नव्हतं एवढंच.

हे मान हलवत होते. होकाराची नाही, नकाराची.

"काय नाही?" मी विचारलं. "नाही आवडला?"

"नाही." मग ओठ हलले, पण काही आलं नाही. हाताने हवेत काहीतरी गोल काढलं. "खो… खो…"

माझ्या जिभेवर शब्द आला होता. शाळेत पोरगं अडलं की आपण पटकन सांगून टाकतो, ती सवय जाता जात नाही. मी चहाचा ग्लास तोंडाला लावला, म्हणजे तोंड बंद राहील.

"खोटं," हे म्हणाले.

मी ग्लास खाली ठेवला. "काय खोटं?"

पुन्हा हवेत गोल. कपाळावर आठ्या, मानेची शीर ताठ झालेली. टपरीवाला भांडं घासायचा थांबून बघायला लागला. मी यांच्याकडे बघत राहिले, आणि मनातून देवाला विनवलं की आता मंगळवार येऊ देऊ नकोस.

"सायकली," हे म्हणाले. मग थांबले. मग, "सगळ्या… नव्या."

मला आधी कळेना. मग लख्खकन ध्यानात आलं. दुरुस्तीचं दुकान, गरीब गाव, आणि दुकानात दुरुस्तीला आलेली प्रत्येक सायकल कोरी करकरीत! एकीलाही गंज नाही. मला रंग दिसले होते आणि गंज नाही हे दिसलं नव्हतं.

मी हसायला लागले. हसता हसता रडत होते ते टपरीवाल्यालाही दिसलं असणार. हेही हसत होते, आजारानंतर ओठ एका बाजूला जरा ओढले जायचे तसे. "बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले, "पण म्हणून सिनेमा वाईट होत नाही काही."

"होतो," हे ताडकन म्हणाले.

तेव्हापासून गुरुवार आमचा. कधी कल्याण, कधी डोंबिवली, गडगडाटाचा सिनेमा असेल तर कापूस कानात. थेरपिस्टला सांगितलं तर म्हणाली, "काकू, ते तुमच्याशी सहमत असते ना, तर एवढे शब्द आले नसते. भांडा तुम्ही." आता भांडायचं तर आपलं मत हवं. मी नीट बघायला लागले. प्रकाश कुठून येतोय, बाईच्या कपाळावर कुंकू केव्हा आहे आणि केव्हा नाही, माणूस एकटा असताना कॅमेरा किती लांब जातो. बाकड्यावर बसून मी ते सगळं बोलायची आणि हे त्यातलं एकेक खोडून काढायला धडपडायचे. काही दिवस एकच शब्द यायचा, काही दिवस तोही नाही, आणि मग रिक्षात आम्ही गप्प बसून घरी यायचो. असे गुरुवारही खूप झाले. ते लपवण्यात अर्थ नाही. एकदा तर यांनी चिडून चहा सांडला आणि पुढचा आठवडा यायलाच नकार दिला. पण त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी शर्टाची बटणं लावून स्वतःच दाराशी उभे होते.

मंगळवार कधी गेला, मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत ऐकला नाही.

मागच्या वर्षी एका सिनेमाहून परतताना खालच्या मजल्यावरच्या तरुण सुनेने मला जिन्यात अडवलं. "काकू, कसा आहे हो? आम्ही रविवारी जायचं म्हणतोय."

प्रश्न मला होता. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि सांगायला लागले: शेवट जरा लांबवलाय, पण पोरीचं काम करणारी नवी मुलगी काय सुंदर गप्प बसते, एवढ्यासाठी जाच. ती मन लावून ऐकत होती. एवढ्यात माझ्या मागून आवाज आला, सावकाश, एकेक शब्द वेचून.

"ऐकू… नका… हिचं."

सून बघतच राहिली. मग खळखळून हसली. "काका! मग तुम्ही सांगा!"

यांनी कठड्यावर हात टेकला. फार काही बोलता आलं नाही. "लांब" म्हणाले, "झोप" म्हणाले, आणि नायकाबद्दल काहीतरी सांगायचं होतं ते अडलंच. पण ती उभी राहिली. घाई केली नाही, शब्द पुरवला नाही. आणि मी कुकर लावायला वर गेले नाही.

हे पूर्वीसारखे बोलत नाहीत, बोलतील असंही डॉक्टर म्हणत नाहीत. फोनवर अजून गडबडतात. नातवाला गोष्ट सांगायला बसले की मध्येच अडतात आणि तोच पुढची गोष्ट ठोकून देतो. पण घरात आता दोन मतं असतात, आणि मुलगी म्हणते, "आई, तू किती बोलायला लागलीस गं!"

केंद्रात आता आम्ही महिन्यातून एकदाच जातो. गेल्या खेपेला बाहेरच्या बाकावर एक बाई भेटल्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या. ते गृहस्थ छातीशी हात धरून जमिनीकडे बघत होते. अर्धांगाचा झटका येऊन सहा-सात महिने झाले होते, आणि तोंडातून एक शब्द नाही. बाईंनी मला विचारलं, तुमच्या यांना कशाने फरक पडला. मी सिनेमाचं सांगितलं. त्यांना आधी थट्टाच वाटली.

"शिनेमा?" त्या म्हणाल्या. "अगं बाय, आमच्या यांना तर शिनेमाचा लय नाद! होडी किनाऱ्याला लागली की आधी थेटर, मग घर."

तो "थेटर" शब्द ऐकून त्या गृहस्थांनी मान वर केली.

"मग या ना गुरुवारी," मी म्हणाले. "चौघं जाऊ."

बाई माझ्याकडे बघून बोलल्या, "पन हे काय बोलनार नाय हां. नुसते बसतील."

मी उत्तर द्यायच्या आत आमचे हे पुढे झुकले. त्या गृहस्थांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शब्द शोधायला वेळ लागला, आम्ही तिघंही थांबलो.

"चालेल," हे म्हणाले. "आधी… बघू. मग… बोलू."

उद्या गुरुवार आहे. तिकिटं चार काढली आहेत, कोपऱ्यातली, म्हणजे पाय लांब करता येतील. सिनेमा बेताचाच आहे असं ऐकलंय. तसाच बरा. बोलायला पुष्कळ सापडेल.