‘रिस्ट्रेन’चं कार्ड

कोशाच्या कचेरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी काकांकडे इंग्रजी शब्दांच्या कार्डांचे गठ्ठे येतच होते. गल्लीत त्यांना सगळे डिक्शनरीकाका म्हणत. कार्डावर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, त्याखाली एक उदाहरण. उदाहरण मनानं रचलेलं चालत नसे. स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच वाक्य हवं, हा जुन्या संपादकांचा दंडक. संपादक गेले, दंडक राहिला.

निम्मी वाक्यं काकूंच्या तोंडची. ‘कॉन्कर’खाली होतं, “चार दिवसांत अख्खं सासर जिंकलं बाई पोरीनं!” ‘कर्ब’साठी त्यांनी काकांनाच सुनावलं होतं, “अहो, त्या पुस्तकांना आवर घाला, नाहीतर मला माळ्यावर अंथरूण टाकून द्या.” आणि ‘सबड्यू’ला लेक म्हणाली होती, “बाबा, लिहा की, आईनं बाबांना मुठीत ठेवलंय.” “ऐकलं, म्हणजे लिहायला हरकत नाही,” म्हणत काकांनी ते खरंच उतरवून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी काकू विसरू लागल्या. आधी चष्मा, मग मीठ, मग लेक.

“संस्थेत ठेवू तिला,” लेक म्हणाली. “तुमच्यानं नाही व्हायचं.”

“तिथं खाटेला बांधतात. बघून आलोय मी. मी तिला बांधणार नाही.”

“ठीक आहे. पण बांधायची वेळ आली, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. लपवायचं नाही.”

“कबूल.”

या खेपेच्या गठ्ठ्यात एकच कार्ड अडून बसलं होतं, ‘रिस्ट्रेन’. रोखून धरणं, आवरणं, जखडणं. अर्थ झरझर उतरले. वाक्य काही सापडेना. काकू तर आता दिवसभरात चार शब्दही बोलत नसत.

मंगळवारी सकाळी काकूंचा डोळा लागलाय असं बघून काका दूध आणायला उतरले. दुकानापुढे दोघी कडाकडा भांडत होत्या, तिसरी एकीला दंडाला धरून मागे ओढत होती. आता येईल वाक्य, म्हणून काका पिशवी धरून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शिव्या भरपूर आल्या. वाक्य आलं नाही. वर आले, तर दार सताड उघडं.

काकू चौकात सापडल्या, गाड्यांच्या मधोमध, अनवाणी. कोपर सोललेलं. बसचा ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, “आजोबा, घरचं माणूस सांभाळता येत नाही?”

घरी आणलं तरी काकूंची धाव दाराकडेच. कडी लावली, तर त्यांनी दारावर कपाळ आपटलं. हात धरले, तर चावल्या. काका त्यांना मिठीत घट्ट धरून बसले; हात भरून आले तशी मिठी सैल पडली, की त्या पुन्हा दारापाशी.

टेबलावर गठ्ठे बांधायची सुती फीत पडली होती. काकांनी काकूंच्या मनगटांभोवती आधी आपला रुमाल गुंडाळला, मग खुर्चीच्या हातांना फीत बांधली. गाठ गठ्ठ्यांचीच, एका ओढीत सुटणारी. कोणतं टोक ओढायचं हे काकूंना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं गठ्ठे त्याच सोडून देत. आता त्या नुसत्याच फितीकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी मान वर केली. परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाल्या, “भाऊ, हात सोडा हो माझे. घरी आमचे हे जेवायचे थांबले असतील. माझ्याशिवाय घास घेत नाहीत ते.”

काकांचा हात गाठीकडे गेला. कपाळावरचं टेंगूळ दिसलं. हात मागे आला.

ते टेबलाशी बसले आणि कार्डावर ते वाक्य लिहिलं, एक अक्षर न बदलता. मग लेकीला फोन लावला.

“काय हो बाबा, इतक्या सकाळी?”

काकांनी कार्डावरचं वाक्य तिला वाचून दाखवलं. “निघते मी,” लेक म्हणाली.

“कुणाचा फोन?” खुर्चीतून काकूंनी आशेनं विचारलं. “ह्यांचा का?”