व्हर्नाची पाटी

व्हर्ना गिलिलँड मला पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. ड्रमलारा गावच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि शर्यतीच्या शनिवारी साऱ्या गावाबरोबर चर्चच्या वळणापाशी दगडी भिंतीमागे उभा होतो. कालपर्यंत ज्या रस्त्यावरून दुधाच्या गाड्या आणि गाई जायच्या, तोच बंद करून त्यावर मोटरसायकली सोडल्या होत्या. विजेच्या खांबांना पेंढ्याचे गठ्ठे बांधलेले. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे आणि ही एकटी बाई कुंपणाच्या झुडपांकडे तोंड करून, डोळे मिटून. टेकडीवरून इंजिनाचा आवाज उतरायला लागला की ती वळायची, हातातली काळी पाटी भिंतीवर उंच धरायची आणि गाडी गेली की पुन्हा पाठ.

शेजारच्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "कोण हो या?"

"मर्विनची बायको. सगळ्या आर्मा परगण्यात शर्यत न बघता शर्यतीला येणारी ही एकटीच."

मर्विन शर्यतीत गाडी चालवायचा, एरवी लॉऱ्या दुरुस्त करायचा. व्हर्ना बेकरीत होती. पाव घेता घेता आमची ओळख झाली. माझ्याकडे शाळेच्या खेळांसाठी घेतलेलं चांगलं घड्याळ आहे, हे तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, पुढच्या शर्यतीला तुम्ही वेळ मोजा. माझा हात इतका थरथरतो की बटण दोनदा दाबलं जातं."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर उभा राहू लागलो. शर्यतीत माणसाला मागे वळून बघता येत नाही. मागचा किती जवळ आलाय हे त्याला कळतं ते फक्त घरच्या माणसाने रस्त्याकडेला धरलेल्या पाटीवरून. मर्विन गेला की मी घड्याळ सुरू करायचो, मागचा गेला की थांबवायचो. तो आकडा व्हर्ना खडूने पाटीवर लिहायची आणि पुढच्या फेरीला दाखवायची.

तिची भीती मी अगदी जवळून पाहिली. शर्यतीच्या शनिवारी सकाळी ती अंथरूण आवरत नसे. मर्विन घरी आला की मग आवरायची. मी एकदा म्हटलं, "सांगत का नाहीस त्याला सोड म्हणून?"

"सांगितलं तर सोडेल, मास्तर. आणि मग रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून भिंतीकडे बघेल."

ज्या वर्षीची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी आमच्या शर्यतीच्या आधीच्या शनिवारी आयव्हर गेला. मर्विनचा लहानपणापासूनचा मित्र. दुसऱ्या एका गावच्या शर्यतीत, कोरड्या हवेत, सरळ वाटेवर. मर्विनने त्याच्या शवपेटीला खांदा दिला. दफनभूमीतून बाहेर पडताना व्हर्नाने विचारलं, "शनिवारी जाणार आहेस?"

"आयव्हर असता तर आला असता."

"आयव्हर नाहीये, मर्विन."

शनिवारी तो शर्यतीत उतरला.

त्या दिवशी दुपारी एक सर येऊन गेली. रस्ता वाळला, पण झाडांखाली काळे ओले पट्टे राहिले. मर्विन पहिला होता आणि त्याच्या मागे काहल डेव्हनी, पलीकडच्या गावचा, गवंडीकाम करणारा तरणा पोरगा, दोरीने बांधल्यासारखा. दोघं आमच्यासमोरून गेले. मी घड्याळ बघितलं.

"एक सेकंद. तेवढाही नाही."

व्हर्नाने खडू उचलला. तिने पाटीवर लिहिलं ते आठ.

"व्हर्ना, एक म्हणालो मी."

"ऐकलं मी."

"अगं, मग..."

"आठ दिसले तर तो जरा सैल सोडेल. झाडांखाली हळू जाईल. मला पहिला नंबर नकोय, मास्तर. मला तो हवाय."

एवढ्यात पुढच्या फेरीचा आवाज टेकडीवरून उतरायला लागला. पाटी पुसायला मी हात पुढे केला, पण तिने ती वर धरलीही होती. मर्विनने मान किंचित वळवून पाटी वाचली. मला ते स्पष्ट दिसलं. लगेच काहल गेला.

नंतरची फेरी मी मनातल्या मनात रस्त्याने मोजत होतो. मागच्या बाजूचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे झुडपं, काहलला पुढे निघायला जागा नाही. ती मिळणार ती आमच्यासमोरच्या उतारावर. व्हर्नाने या वेळी पाठ फिरवली नव्हती. डोळे उघडे ठेवून ती टेकडीकडे बघत होती.

मर्विन टेकडीच्या माथ्यावर दिसला. मागे कुणी नाही अशा समजुतीत त्याने गाडीवर वाकवलेलं अंग उचललं आणि नेहमीपेक्षा बरंच आधी ब्रेक लावला. काहल पूर्ण वेगात त्याच्यावर आला. दोन्ही गाड्या एकमेकींना घासल्या. मर्विनची गाडी हरणासारखी उसळली, त्याचे दोन्ही पाय हवेत, चाक गवतात, खांबाच्या गठ्ठ्यातला पेंढा उडाला. काहल आडवा तिडवा होत कसाबसा वळला. मग मर्विनही, जेमतेम एका हाताने हँडल धरून, आमच्यासमोरून गेला. व्हर्नाच्या हातून पाटी भिंतीपलीकडे पडली.

काहल जिंकला. मैदानावर गाड्या उभ्या करतात तिथे आम्ही पोचलो तेव्हा तो मर्विनच्या अंगावर धावून जात होता. "आजोबा, उतारावर डुलकी लागली का तुम्हाला? अजून वीतभर, आणि माझी बायको आज काळे कपडे शोधत बसली असती!"

मर्विन माझ्याकडे वळला. "मास्तर, ते घड्याळ शाळेच्या भंगारात टाका."

चूक माझीच म्हणून मी ती अंगावर घ्यायला तोंड उघडलं, पण व्हर्ना मधे आली. "घड्याळ बरोबर होतं. आठ मी लिहिले. मुद्दाम."

काहलने शिरस्त्राण काखेत घेतलं, व्हर्नाकडे बघितलं आणि पाठ फिरवून निघून गेला. ते त्याने आरडाओरडा केला असता त्यापेक्षा वाईट होतं.

"पुढच्या वेळी दुसरं कुणी बघ पाटीला," व्हर्ना म्हणाली.

मर्विन हातमोजे काढत होता. एका बोटातून रक्त येत होतं. "नाही. तूच धरायची. पण खरं लिहायचं."

"आणि खरं लिहिलं आणि तू मेलास तर?"

"तर ते माझं मी केलेलं. आज मेलो असतो, किंवा तो पोरगा मेला असता, तर ते जन्मभर तुझ्या छातीवर बसलं असतं. तेवढं मला नको."

तिने त्याचं बोट आपल्या रुमालाने बांधलं.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे तिने पाटी धरली. एक असेल तर एक, अर्धा असेल तर अर्धा. आकडा लिहून झाला की ती तो माझ्याकडे वळवून दाखवायची आणि मी मान हलवायचो. खरं लिहिल्याने भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही. उलट आता तिला भीतीवर काही उपायच उरला नव्हता.

मग एका सरावाच्या संध्याकाळी मर्विन परत आला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "आज काय लिहिलं होतंस?"

"तीन. का?"

"काही नाही. ऊन डोळ्यावर होतं."

ऊन नव्हतं. आभाळ भरलेलं होतं. व्हर्नाने पाटी खाली ठेवली. "मर्विन, मी खोटं लिहायचं नाही, हे ठरलं होतं. मग तू खोटं वाचायचं, असं ठरलं होतं का?"

तो चाकाशी वाकून बसला. "मागच्या वर्षापासून नीट दिसत नाही," तो म्हणाला.

शनिवारच्या यादीतून त्याने नाव काढून घेतलं. हिवाळ्यात मोटरसायकल विकली.

आता मर्विनला समोरचं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. दर गुरुवारी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी व्हर्ना चालवते, त्याच चर्चच्या वळणावरून, डोळे उघडे ठेवून.