पाच मिनिटं गप्प बसायचं मशीन

आमच्या फ्रिजमध्ये झाकण घातलेल्या वाट्या साठतात, तसे आमच्या घरात किस्से साठतात. कोणी ठेवली, कधी ठेवली, आत काय आहे, कोणालाच माहीत नसतं. एक काढायला जावं तर मागून तीन घरंगळतात, आणि त्यातली एक हमखास आंबलेली असते. ताईच्या बाळंतपणाचे किस्से सांगायला लागले की मैत्रिणी पोट धरून हसतात. आता मीही हसते. त्या दिवसांत मात्र माझ्या घशाखाली नीट घास उतरत नव्हता.

आधी माणसं सांगते. ताई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, एम.कॉम., बँकेत नोकरी. शेवटच्या महिन्यात तिचं बीपी असं काही वर गेलं की कल्याणच्या हॉस्पिटलात तारखेच्या आधीच सिझर करावं लागलं. मुलगी झाली, दोन किलोची, मुठीएवढं तोंड. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, म्हणून ताई डोंबिवलीला आमच्याकडे. घरात आई, बाबा आणि मी. शिवाय आत्या, बाबांची मोठी बहीण, खास बाळंतपण काढायला मोहन्याहून बॅग घेऊन आलेली. आणि माझी ओळख? फार्मसी दुसऱ्या वर्षाला सोडलेली मुलगी. का सोडली, हा विषय घरात रोज निघतो, त्यामुळे इथे तरी नको.

*

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं. बाळ झालं म्हणजे बीपी गेलं असं नाही. उलट आता पुढचे काही आठवडे जपायचं. दिवसातून दोनदा मोजायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. डोकं ठणकलं, डोळ्यांसमोर काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं, दम लागला, किंवा आकडा एकशेसाठ-एकशेदहाला टेकला, तर विचार करत बसायचं नाही. उचलायचं आणि यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर मी परीक्षा घेतली. "डॉक्टर काय म्हणाल्या?"

आई म्हणाली, "आराम कर म्हणाल्या."

बाबा म्हणाले, "टेन्शन घ्यायचं नाही."

आत्या म्हणाली, "त्यांना काय, घाबरवायचा पगार मिळतो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं!"

मी काळा मार्कर घेतला आणि फ्रिजच्या दारावर टोपाएवढ्या अक्षरांत लिहिलं : १६०/११०.

संध्याकाळी शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या. बाळ राहिलं बाजूला, फ्रिजकडेच बघत राहिल्या. मला वाटलं, चला, एक तरी माणूस विचारेल!

"काय गं, कुठल्या दुकानात एवढं स्वस्त चिकन?"

*

मीठ कमी करायचं होतं. वरून मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही.

आता गंमत अशी की ताईचं सासर ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळचं. जुनी, तिथलीच माणसं. त्यांच्या वाडवडिलांची मिठागरं होती. त्या लोकांना जाऊन "मीठ नको" सांगायचं म्हणजे! पण ताईचे सासरे डबा घेऊन आले आणि डब्यात सुकटीची चटणी, कैरीचं लोणचं. मी डबा उघडला, तसाच बंद केला.

"काका, हे तिला चालत नाही. बीपी आहे."

काका दुखावले. "अगो पोरी, मिठानं कोन मरतं? आमचे आज्यानं आख्खा जलम मिठागरान काढला. सकालपासून सांजपावत पाय मिठान! त्याला नाय झाला कदी बीपी!"

"किती वर्षं जगले तुमचे आजोबा?"

"असल पंचेचालीस. जेवला, उठला, तितंच पडला. काय तरास नाय!"

*

बीपी मोजायचे नियम असतात. पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला. आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजतानाही तोंड उघडायचं नाही.

पाच मिनिटं गप्प! आमच्या घरात! आमच्याकडे माणसं झोपेतसुद्धा एकमेकांना उत्तरं देतात.

मी पट्टा गुंडाळला की आत्या समोर स्टूल टाकून बसायची. "तोंड उतरलंय बाई हिचं. दूध पुरत नाहीये का? माझ्या जावेच्या सुनेला पण असंच..."

"आत्या, बोलू नकोस."

"मी तिच्याशी कुठे बोलतेय? मी बाळाशी बोलतेय!"

आकडा आला : एकशेअठ्ठावन्न-एकशेदोन. फ्रिजपासून दोन बोटं लांब. मी आत्याला दंडाला धरून बाहेर काढलं, आतून कडी लावली, पाच मिनिटं घड्याळ लावून पुन्हा मोजलं. एकशेशेहेचाळीस-चौऱ्याण्णव.

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने केले. एक, 'आत्या चालू'. दुसरा, 'आत्या बंद'.

टाके दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी वही उलटसुलट केली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे आत्या काय आहे? आपण लिहून दिलेलं नाही. कुठून घेताय?"

ताईला टाक्यांमुळे हसता येईना. मी सांगितलं.

बाईंनी शांतपणे पेन उचललं आणि केसपेपरवर लिहिलं : आत्या बंद.

*

मशीन घरात आहे ही बातमी बिल्डिंगभर झाली. मग काय! झबलं-टोपडं घेऊन आलेला प्रत्येक माणूस बाळाच्या हातात नोट कोंबायचा आणि स्वतःचा हात माझ्यापुढे करायचा. "जरा माझं पण बघ गं." बाबांचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप तर रांगेत बसायचा. ज्याचं बीपी जास्त तो जिंकला, असा काहीतरी हिशोब होता त्यांच्यात! फक्त आत्याने कधी हात पुढे केला नाही. "आम्हाला नाही असले रोग," म्हणायची.

एके सकाळी ताई म्हणाली, "मान जड झालीय गं." मी मशीन काढलं, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. नाही. वॉक ग्रुपने सेल संपवले होते. ताई पट्टा बांधून माझ्याकडे बघतेय, मी त्या काळ्या पडद्याकडे. त्यात मला माझंच तोंड दिसत होतं, पांढरंफटक.

बाबा मॅच बघत होते. मी त्यांच्या हातातला रिमोट ओढला आणि सेल काढून घेतले. नेमकी तेव्हाच जाहिरात लागली होती, आवाज फुल्ल.

आकडा आला एकशेबावन्न-अठ्ठ्याण्णव. घाबरण्याएवढा, पण पळण्याएवढा नाही. अर्ध्या तासाने परत मोजलं, उतरला. मी बाहेर येऊन तिथेच लादीवर बसले.

बाबा म्हणाले, "कळत नाही का तुला? शेवटची ओव्हर होती!"

दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः जाऊन सेलची दोन पाकिटं घेऊन आले. लहान मशीनला. मोठं रिमोटला.

*

मग तीन दिवस आकडे चढायला लागले. एकशेपन्नास. चौपन्न. छप्पन्न. जेवण तेच, मीठ नाही, आत्या बंद. गोळ्या? पाकीट मोजलं, बरोबर तेवढ्या कमी झालेल्या. मला कळेना. घरात ज्याला विचारावं तो म्हणायचा, "होतं गं कमी-जास्त." आणि वर ते नेहमीचं, "तू डॉक्टर आहेस का? आधी पास हो."

चौथ्या दिवशी बाळाची दुपटी झटकायला घेतली आणि एका दुपट्याच्या घडीतून गोळ्या पडल्या. टपटप. सात.

मला वाटलं आत्या. मी ओरडायला तोंड उघडलं तर ताईच म्हणाली, "ओरडू नकोस. मी ठेवल्यात."

आत्याने तिच्या डोक्यात भरवलं होतं की गोळी दुधात उतरते. बाळ दिवसभर झोपतं ते त्यामुळेच. मोठेपणी मंद होईल! माझी एम.कॉम. बहीण सगळ्यांसमोर गोळी जिभेखाली धरायची आणि नंतर काढून लपवायची.

"ताई, तू मरशील ना अशाने," मी म्हणाले. असंच म्हणाले, सरळ.

ती रडायला लागली. "ती आधीच एवढीशी आहे गं. तिला काही झालं तर माझ्यामुळे होईल."

माझं कोण ऐकणार? नापासाचं? मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाई म्हणाल्या, "गोळी दूध पाजणाऱ्या आईला चालणारीच निवडून दिली आहे. आणि कमी दिवसांचं बाळ झोपतंच. आईला झटका आला तर पाजणार कोण? आजची आत्ता घ्या, आणि उद्या सकाळी मला दाखवून जा."

आत्या दारातून म्हणाली, "ह्या बाईंना स्वतःची मुलं किती, ते विचार!"

फोन चालूच होता.

"दोन," बाई म्हणाल्या. "आणि दोन्ही वेळेला हीच गोळी."

*

बारसं तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी ठरलं. घरातच. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास, ठाण्याची मंडळी, वॉक ग्रुप, शेजारच्या काकू, सगळे हजर. ताईला हिरवी साडी नेसवली. मी सकाळीच मोजायला गेले तर आई म्हणाली, "आज तरी ते मशीन नको. शुभ दिवस आहे."

अकरा वाजता ताईने मला आत बोलावलं. कपाळावर हात. "डोकं फुटतंय. पहाटेपासून. आणि सगळं चमचमतंय. कोणाला सांगू नको ना, आज नको."

कडी. पाच मिनिटं. बाहेर वीस माणसं एका वेळी बोलतायत, आत आम्ही दोघी आणि घड्याळाचा काटा.

एकशेअडुसष्ट-एकशेबारा. पुन्हा मोजलं. एकशेसत्तर.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "हॉस्पिटलला जायचंय. आत्ता."

एकदम सगळे डॉक्टर झाले! "दगदग झाली असेल." "लिंबू-पाणी द्या." "साडी घट्ट बांधली असेल." काका म्हणाले, "पोर घाबरट हाय." बाबा माझ्यावरच डाफरले, "मशीन चुकत असेल. तू आधी पास हो!" मी फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे कोणीतरी झेंडूची माळ सोडली होती. आकड्यावरच.

आई काकुळतीला आली. "अगं, पाळणा सजलाय, सगळे उभे आहेत. पाच मिनिटं थांब. कानात कुर्र करू, नाव ठेवू, मग जा."

"हो ना, पाच मिनिटंच तर," बाबा म्हणाले.

आत्या पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिच्या हातातून दोरी सुटली. माणसांतून वाट काढत आत गेली, ताईला बगलेत धरून बाहेर आणलं आणि मला म्हणाली, "रिक्षा बघ."

"ताई, अगं पण मुहूर्त..." बाबा आत्याला म्हणाले.

आत्याने धाकट्या भावाकडे नुसतं पाहिलं. बाबा बाजूला झाले.

ताईचा नवरा, आमचे जिजू, बाळाला घेऊन पुढच्या रिक्षात, आम्ही मागच्या. डोंबिवली ते कल्याण. ताईचं डोकं आत्याच्या मांडीवर. मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याला एवढा वेळ गप्प पाहिलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. एकशेपन्नासच्या खाली यायला दीड तास गेला. "वेळेत आणलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला असं झालं होतं?"

मागून आलेले बाबा झटकन म्हणाले, "नाही, कोणालाच नाही."

"कुसुमला," आत्या म्हणाली.

बाबा खाली बघायला लागले. मी विचारलं, "कुसुम कोण?"

"माझ्या पाठची. हा तेव्हा शाळेत होता," आत्या डॉक्टरबाईंनाच सांगत होती. "बारशाच्या दिवशी डोकं दुखतं म्हणाली. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. पाळणा सजला होता. मीच म्हटलं तिला, पाच मिनिटं थांब."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. बावीस वर्षं मला वाटत होतं, मला एकच आत्या आहे.

*

ताई चार दिवसांनी घरी आली. बारसं झालं, कधीतरी, एका मंगळवारी, पाच माणसांत. गोळ्या अजून चालू आहेत, वही चालू आहे. आकडा वर सरकला की मी अजूनही लगेच पुन्हा मोजते.

सकाळी सात वाजता मी पट्टा काढते. आत्या उठते, आईच्या मिक्सरचं बटण बंद करते, टीव्ही बंद करते, खोलीचं दार बाहेरून ओढून घेते आणि दाराशी स्टूल टाकून बसते. तोंडातून शब्द नाही.

परवा बाबा वॉकवरून लवकर आले. किल्ली विसरलेले. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग दार ठोठावलं.

"अगं उघडा! मी आहे! काय झालंय? ताई? कोणी आहे का घरात?"

आत्या स्टुलावरून उठली, बाहेरच्या दारापाशी गेली, कडीला हात न लावता हळू आवाजात म्हणाली,

"पाच मिनिटं थांब."