पडीक जमिनीतलं भात

"इकॉनॉमिक्स घेऊन काय करणार गं?" असं कुणी विचारलं की ॲग्नेस परेराचं डोकं फिरायचं. आणि मरोळच्या गावठाणात तर हे विचारण्यावाचून लोकांना दुसरा धंदाच नव्हता. तिची आत्या एथेल उठता-बसता ऐकवायची, "टायपिंग शिकली असतीस तर आज विमान कंपनीत लागली असतीस. घरात नाही दाणा आणि म्हणे मला बाजीराव म्हणा!"

बीएच्या शेवटच्या वर्षाला, १९८४ साली, या प्रश्नाला एकदाचं उत्तर सापडलं. तिच्या कॉलेजातले शरच्चंद्र सर एका संस्थेसाठी उपनगरांतल्या कारखान्यांची पाहणी करणार होते. त्यांना दोन इन्व्हेस्टिगेटर हवे होते. महिना साडेसहाशे, पुढे कायम व्हायची आशा. एक जागा ॲग्नेसची, असं सर भर वर्गात म्हणाले. एथेलआत्याचं तोंड दोन दिवस बंद होतं.

त्याआधी सरांनी वर्गाची एक भेट ठरवली. कुठे, तर मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत, पंख्यांच्या एका कारखान्यात! तिथला वॉचमन कॉस्मस, म्हणजे ॲग्नेसचा बाप. आणि कारखाना उभा होता तो कॉस्मसच्याच भातशेतावर. माणूस आपल्याच जमिनीवर दुसऱ्याचं फाटक राखत होता. गावठाणात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. ॲग्नेसला वाटायचं. रोज वाटायचं.

बारा पोरं-पोरी फाटकाशी आली तेव्हा कॉस्मसनं टाचा जुळवून सलाम ठोकला. लेकीकडे अनोळख्यासारखं बघत, "गुड मॉर्निंग, मॅडम," म्हणून त्यानं रजिस्टर पुढे केलं. पोरीला चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून केलं बिचाऱ्यानं. पण ॲग्नेसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मॅडम काय मॅडम, पपा? पेन दे इकडे!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

आत मॅनेजरनं चहा-बिस्किटं दिली आणि सांगितलं, "इथे काहीच नव्हतं. नुसती पडीक जमीन. आम्ही आलो आणि चारशे हातांना काम मिळालं." पोरांनी ते मुकाट वहीत उतरवून घेतलं. ॲग्नेसनं वही मिटली.

काही नव्हतं? मग दर ऑक्टोबरात गावठाण आगेरा कशाचा करायचं? नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायचा तो सण. जमिनी गेल्यापासून लोंब्या गोराईहून मागून आणाव्या लागत, तरी सण कुणी सोडला नव्हता. पडीक जमिनीचा कधी आगेरा होतो का रे, शहाण्या?

आठवड्यानं बाराजणांचा एकत्र अहवाल तयार झाला. पहिलंच वाक्य होतं, 'पूर्वीची पडीक जमीन उत्पादक वापराखाली आली.' खाली अकरा सह्या झाल्या होत्या.

"हे खोटं आहे, सर," ॲग्नेस म्हणाली. "तिथं आमचं भात व्हायचं."

शरच्चंद्र सर काही वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मग कागद आण. रागावून अर्थशास्त्र बदलत नाही. तुझ्या सहीशिवाय अहवाल संस्थेकडे जाणार नाही, आणि अहवालाशिवाय तुझं नाव पाठवता येणार नाही. सोमवारपर्यंत बघ."

ती तशीच घरी गेली आणि बापापुढे उभी राहिली. "पपा, जमिनीचे कागद काढ."

कॉस्मस टाळाटाळ करू लागला. किल्ली हरवलीय म्हणाला, मग ट्रंक गंजलीय म्हणाला. ॲग्नेसनं त्याच्या सदऱ्याच्या खिशातूनच किल्ली काढली. ट्रंकेच्या तळाशी सरकारनं जमीन घेतल्याचा कागद होता. तिनं तो वाचला. परत वाचला. जमिनीचा प्रकार: पडीक. भरपाईही पडीक जमिनीच्या दरानं. आणि खाली बापाची वळणदार सही.

"हे तू कसं लिहू दिलंस?"

"लिहू दिलं नाही गं," कॉस्मस भिंतीकडे बघत म्हणाला. "आम्हीच लिहायला लावलं. मे महिना होता, शेतं रिकामी होती. मोजणीदार आला. आम्हाला वाटलं, पडीक लिहिलं की सारा कमी बसेल. सगळ्या गावठाणानं मिळून त्याला कोंबडी खाऊ घातली. बाटलीत भरून ठेवतो त्या आपल्या मसाल्याची. तो गेल्यावर काय हसलो होतो आम्ही! म्हटलं, कसा गंडवला सरकारला. पुढच्या वर्षी सरकारनं त्याच नोंदीवरून जमिनीच घेतल्या."

"आणि कोंबडी कुणाची होती?"

"आपलीच."

ॲग्नेसला बापाचा भयंकर राग आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं अख्ख्या गावठाणाचं झालं होतं! चार रुपयांचा सारा वाचवायला पिढ्यांचं भात पुसलं, आणि वीस वर्षं तोंडातून चकार शब्द नाही. ती त्या दिवशी जेवली नाही.

सोमवारी तिनं तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा लावून वाचला आणि त्यांना हायसं वाटलं.

"बघ! इथंही पडीकच आहे. वडिलांनी स्वतः सही केलीय. आता प्रश्नच मिटला." त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. साडेसहाशे रुपये, एथेलआत्याचं बंद तोंड, सगळं त्या पेनात होतं. ॲग्नेसनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"सर, हे खोटं आमच्या घरानं एकदा सही करून खरं केलंय," ती म्हणाली. "दुसरी सही मिळणार नाही."

ती तिथून निघाली ती थेट कारखान्याच्या फाटकाशी आली. कॉस्मस स्टुलावरून उठला.

"सही केलीस?"

"नाही."

"मग नोकरी?"

"गेली."

आता बाप ओरडेल असं तिला वाटलं. ती भांडायच्या तयारीतच होती. पण कॉस्मस आतल्या शेडकडे बघत राहिला. जिथं त्याची विहीर होती तिथं आता पंख्यांची खोकी रचलेली होती.

"त्या दिवशी तुझ्यासारखं एक माणूस आमच्यात असतं तर..." तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मागून मॅनेजरच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"रडू नकोस, पपा," ॲग्नेस दात आवळून म्हणाली. "ड्यूटीवर आहेस. फाटक उघड."