आसरांचे पाय

माझी सासू लंकाबाई खोटं बोलायची न्हाई. सून असून मी हे सांगते, म्हंजी बघा! भांडायची, टोमनं मारायची, भाकर जाड झाली की "जात्याची तळी थापली का गं?" म्हनायची. पन खोटं? नाव सोडा. तिचा सबूद म्हंजी दगडावरची रेघ. म्हनून तर त्या सालचं आठवलं की आजबी माझं हातपाय गार पडत्यात.

आमचं गाव मिरजगावच्या खालच्या अंगाला, वढ्याच्या वळनावर. बाहत्तरच्या दुष्काळात वढा पार खडखडीत झाला, तवा सरकारनं वर बंधाऱ्याचं काम काढलं. मी, मालक आन आत्याबाई, म्हंजी सासूच माझी, तिघंबी तितं माती वाहत हुतो. (मालकांचं नाव मी घेत न्हाई. आत्याबाईच्या तोंडून आलं तर ऐका.)

त्याच्या आदल्या साली आमी कोयत्याला गेल्तो, गोदावरीकडं ऊस तोडाया. तितं पाचटाच्या खोपीत मला पोरगा झाला. रातीच्या गारठ्यात गेला तो. बांधाच्या कडंला पुरला आन सकाळच्या पारी पुन्हा मोळ्या बांधाया लागलो. काय करनार? तवापास्नं आत्याबाईनं येकच धरलं हुतं, "चांगुणा, म्होरलं लेकरू ह्या घरात हुईल. तुला पुन्यांदा पाचटावर निजू देनार न्हाई म्या."

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. बंधारा भरला, त्याच्या खालचा डोहबी भरला. बंधाऱ्याचा सायेब आला, पारावर बसला, चहा प्याला. म्हनला, "बंधाऱ्यातलं पाणी दिवाळीनंतर आटलं तरी घाबरू नका. ते जमिनीत मुरतं आणि खाली डोहात झिरपतं. तुमचा ओढा जिवंत झाला की नाही, ते डोह सांगेल. त्याच्यावर नजर ठेवा."

नजर ठिवा म्हनं! डोहावर जायचं कुनी? शिंदीच्या दाट बेटात डोह, आन त्याच्या कपारीवर साती आसरा. शेंदूर लावलेली सात दगडं. पान्यातल्या देवी त्या. गडीमान्सानं तितं पाऊल टाकायचं न्हाई आन पोटुशीनं तर सावलीबी पाडायची न्हाई, न्हाईतर धरत्यात. तितं जायची ती आमची आत्याबाई. रोज सकाळी दहीभात घिऊन जायची, आसरांना न्हाऊ घालायची, शेंदूर लावायची.

पावसात पानी बरूबर आसरांच्या पायाला लागलं हुतं. मग गावानं तीच खून धरली. पारावर बसलेली मान्सं रोज इचारायची, "लंकाबाई, आसरांचे पाय वले हायेत का?"

"वले हायेत," ती म्हनायची.

झालं! समद्यांचा जीव भांड्यात पडायचा.

दसऱ्याला गहिनीनाथ मुकादम आला, कोयत्याच्या टोळीला मान्सं जमवाया. मालकांनी ताठ मानेनं सांगितलं, "आवंदा न्हाई. आवंदा वढ्याला पानी हाय." आन वढ्याकाठच्या रानात गहू टाकला. मला तवा दिवस गेलं हुतं. आत्याबाई दारात उभी हुती, गहिनीनाथाची पाठ वळल्यावर माझ्याकडं बघून हसली. तिला हसताना मी लई कमी बघितलंय.

पौष लागला आन आमच्या हिरीचं पानी खाली खाली जाया लागलं. गव्हाची पातं पिवळी पडली. माझा जीव काय थाऱ्यावर न्हवता. मालक म्हनायचं, "मोट वढली की हीर उतरतीच गं. डोह जागचा हललाय का? न्हाई ना? मग पाझर यील." पुन्हा गहिनीनाथ आला. म्हनला, "काही मान्सं पळाली माझी. उद्या दुपारी गाड्या निघत्यात. शेवटचं इचारतो, येताय का?"

मालकांनी आईच्या तोंडाकडं बघितलं.

"पाय वले हायेत," आत्याबाई म्हनली. गहिनीनाथ गेला.

दुसऱ्या दिशी सकाळीच आत्याबाईला हीव भरलं. दोन वाकळा टाकल्या तरी दात वाजत हुते. तशातबी तिचं चालूच, "आसरा उपाशी ऱ्हातील. आक्काबाईला धाड." शेजारची आक्काबाई गेल्ती बाजारला. दुसऱ्या कुनाची तिकडं जायची छाती न्हाई. मी दहीभाताची वाटी घेतली आन निघाले. सातवा म्हैना हुता मला. वाटेनं आसरांनाच म्हनलं, "बायांनो, मला धरायचं तर धरा, पन तुमचाच घास घिऊन आलीया, येवढं ध्यानात ठिवा." राग आला की मला देवबी दिसत न्हाई.

शिंदीतनं वाकून आत गेले आन कपारीवर बघते तर आसरा न्हाईत!

चोरल्या का काय? दगडावर शेंदराचे सात डाग तेवढे हुते, वाळून खडंग झालेले. खालच्या टप्प्यावर बघितलं, तितं आनखी सात डाग. त्याच्याखाली आनखी सात. अगं बया! मी पोट धरून डागामागं डाग बघत उतरत गेले, उतरत गेले, पार तळाला. तितं परातीयेवढं गढूळ पानी हुतं. आन त्या पान्याच्या कडंला आसरा वळीनं उभ्या हुत्या, ताज्या शेंदरात. त्यांचे पाय वले हुते.

वाटी तितंच टाकली. येवढा डोह! पुरुषभर खोल डोह! आन आमी त्याच्या भरवशावर गहू पेरून बसलो हुतो.

घरी आले ती धापा टाकीतच. "आत्याबाई, डोह कुठाय? आसरा तळाला कशा गेल्या?"

तिनं वाकळंतनं तोंड भायेर काढलं. "म्या सरकवल्या. पानी खाली जातं, त्या वर कोरड्या कपारीवर उन्हात. देवाला आसं ठिवत्यात व्हय? रोज थोडं थोडं सरकवायची."

"आन गावाला काय सांगायचा?"

"वले हायेत म्हनून. हुतेच की वले."

दारात मालक उभे हुते, त्यांनी समदं ऐकलं हुतं. आत्याबाईनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं, आन तिचं तोंड आसं झालं की मला पुढं भांडवंना. आजवर तिला कळत न्हवतं, का कळून घ्यायचंच न्हवतं? देव जाने. मला आजबी सांगता येत न्हाई.

मालकांनी खुटीचं जू काढलं. "गाडी जुंपतो," म्हनलं, "दुपारपातूर गहिनीनाथ गावतोय." माझ्या डोळ्याम्होरं पाचटाची खोप उभी ऱ्हायली.

आन आत्याबाई उठली. अंगात फनफन ताप, पन उठली. "मच्छिंद्र, जू ठिव खाली. फावडं घे. गावातले गडी बोलीव."

ती म्होरं, आमी मागं. शिंदीच्या बेटापाशी गडी थबकले. कुनी पाय उचलंना. आत्याबाई येकलीच तळाला उतरली. येक येक दगूड उचलला, पोटाशी धरला, आन वर कपारीवर, पयल्या डागांवर, नेऊन ठिवला. सात खेपा केल्या. कुनाला हात लावू दिला न्हाई. मग आसरांम्होरं उभी ऱ्हाऊन म्हनली, "ऱ्हावा आता कोरड्या. माझा नातू गारठून मेला, तवा तुमी कुठं हुत्या?"

ही बाई आन आसरांना आसं बोलती!

"उतरा खाली," ती गड्यांवर वरडली. "खना. पाप लागलं तर मला लागंल."

गडी उतरले. खनलं तवा समजलं, बंधाऱ्याची कच्ची माती पयल्या पुरात वाहून आल्ती आन झऱ्याच्या तोंडावर बसल्ती. तळाला हातभर थर. तो उपसला तवा दिस कलताना खालून पानी आलं. भसाभसा न्हाई, आपलं हळूहळू. हेच मार्गशीर्षात कळलं आसतं तर समदा गहू वाचला आसता. अर्धा गेला, अर्धा हाती लागला. पन आमी कोयत्याला गेलो न्हाई. चैतात माझी राही घरातच झाली, आत्याबाईच्या हातावर.

आसरांना त्या दिसापास्नं कुनी हलवलं न्हाई. उन्हाळाभर आत्याबाई आपल्या प्यायच्या पान्यातला तांब्या घिऊन कपारीवर जायची आन त्यांच्या पायावर वतायची. पन डोहात किती पानी हाय, हे तिनं पुन्हा कुनाला सांगितलं न्हाई. पारावर इचारलं तर मान खाली घालून निघून जायची.

म्होरल्या पावसाळ्यात वढा दुथडी वाहिला. पूर वसरल्यावर आत्याबाई शिंदीपातूर गेली आन तितनंच माघारी आली. मला म्हनली, "चांगुणा, तू बघून ये. माझ्या डोळ्याचा मला भरवसा न्हाई." मी राहीला काखेत घेतलं आन गेले. पानी कपारीला टेकलं हुतं.

येऊन म्हनलं, "आत्याबाई, पाय वले हायेत."

तिनं माझा हात घट्ट धरला. "दगडं जागंवरच हायेत ना गं? कुनी सरकवली तर न्हाईत?"