मेंढरांच्या वाटेचा शॉर्टकट

माझा नवरा नकाशाची ॲप बनवतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा माणूस कधी रस्ता चुकत नसेल. ऋषिकेश आम्ही राहतो त्या महाळुंग्यातच रस्ता चुकतो. आमच्या सोसायटीच्या मागे सारखी नवी बांधकामं निघतात, कालचा रस्ता आज पत्र्यांनी बंद असतो, आणि हा गाडी थांबवून चिडतो की हे नकाशात का नाही. घरी आल्यावर चहाच्या आधी ते नकाशात भरतो. अर्धवट राहिलेलं त्याला सोसत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आला, तर जेवायच्या वेळेला गायब. बाबा विचारतायत, जावईबापू कुठे गेले? जावईबापू गावातल्या गल्ल्या भरत फिरत होते.

ॲप बनवायला तो एक टूलकिट वापरतो. टूलकिट म्हणजे विकतची भाजणी. नकाशा, त्यावरच्या खुणा, इथून तिथे जायचा रस्ता शोधणं, सगळं कुणीतरी आधीच दळून ठेवलेलं असतं. आपण आपल्या गरजेप्रमाणे मळायचं आणि थापायचं. ऐकायला छान आहे. पण त्यात काय घातलंय आणि काय नाही, हे थालीपीठ तव्यावर मोडल्यावर कळतं. मध्येच नवी आवृत्ती येते आणि काल चालणारं आज चालत नाही. मदतीचं पान उघडावं तर तिथे कुठल्यातरी परदेशी शहरात पिझ्झा पोचवून दाखवलेला असतो. एरवी ऋषिकेश अगदी पुण्याचा झालाय, पण त्या टूलकिटला शिव्या घालताना त्याच्या तोंडी अस्सल परभणी येते.

पुण्याजवळच्या कोळवण खोऱ्यात डॉक्टर सुलक्षणा जीप घेऊन जनावरं तपासत फिरतात. मेंढरू आजारी पडलं की त्यांना फोन येतो, पण कळप आज या उतारावर, उद्या त्या उतारावर. शोधायचा कुठे? त्यांना साधं ॲप हवं होतं. धनगराने फोनवर बटण दाबावं, आणि डॉक्टरांना कळपाची जागा दिसावी, जीपचा रस्ताही दिसावा. ऋषिकेशने सुट्टीच्या दिवशी बसून ते करायला घेतलं.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला धुळा आणि राजाबाई हे जोडपं राहतं. थोडी भातखाचरं आहेत, बाकी संसार मेंढरांवर. कोरड्या दिवसांत त्यांच्या घरापर्यंत जीप कशीबशी चढते, पण नकाशात ती वाट नव्हती. आणि टूलकिट रस्ता शोधतं ते साऱ्या जगाने मिळून भरलेल्या, कुणालाही उचलता येणाऱ्या नकाशावर. एखादा रस्ता फक्त आपल्या ॲपपुरता जोडायची सोय त्यात नव्हती. म्हणजे वाट त्या सगळ्यांच्या नकाशातच भरायला हवी.

मग ऋषिकेश वाट नोंदवणारा फोन हातात धरून धुळासोबत चालला. घर आलं, काम संपलं होतं. पण धुळाला गप्प राहवलं नाही. "ही वाट पार खिंडीतनं पवनंच्या अंगाला उतरतीया," तो म्हणाला. झालं! अर्धी वाट नकाशात ठेवणारा माणूस हा नव्हे. तो खिंड ओलांडून पलीकडे उतरला आणि घरी येऊन सगळी वाट भरली. नकाशाने विचारलं, पायवाट की कच्चा रस्ता? पायवाट म्हटलं असतं तर ॲपने डॉक्टरांची जीप वर नेलीच नसती. त्याने अख्ख्या वाटेला कच्चा रस्ता निवडला.

सुरुवातीला फार छान वाटलं. एक मेंढी पोट फुगून पडली होती, तिच्यापर्यंत डॉक्टर वेळेत पोचल्या. राजाबाईंनी आम्हाला घरचा तांदूळ पाठवला. ऋषिकेश आठवडाभर हवेत होता.

मग राजाबाईंचा मला फोन आला. "ताई, दादास्नी सांगा, आमच्या वाटंवर गाड्या लागल्यात. भोंगं वाजिवत्यात. मेंढ्या गाभण हायेत, बिचकून दरडीकडं पळत्यात. आसंच चाललं तर त्या हितं व्यायच्या कशा? आमाला डोंगूर सोडावा लागंल."

पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्या पुण्याच्या गाड्यांना इतर ॲप आता हा शॉर्टकट दाखवत होती. त्यांनीही तोच सगळ्यांचा नकाशा उचलला होता. डोंगर सोडणं म्हणजे काय, ते मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. वर वाऱ्याचा आडोसा होता, झरा होता, गवत होतं. खाली उतरायचं म्हणजे परक्याच्या कापलेल्या खाचरात, रस्त्याच्या कडेला, मेंढ्या व्यायला बसवायच्या आणि मालक हाकलेल तेव्हा उठायचं.

ऋषिकेशने त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. खिंडीकडची वाट पायवाट केली. पण बाकीच्या ॲपवाल्यांनी नकाशाची आपापली प्रत काढून ठेवलेली असते, आणि नवी प्रत ते त्यांच्या सवडीने घेतात. त्याने एकेका कंपनीला लिहिलं. उत्तर यायचं, तुमची सूचना आमच्यासाठी महत्त्वाची आहे. पुन्हा लिहिलं की पुन्हा तेच. तो लॅपटॉपवर ओरडायचा आणि मी त्याच्यावर ओरडायची. मला त्या कंपन्यांचा राग यायचा, पण त्या समोर नव्हत्या.

शनिवारी आम्ही दोघं त्या वाटेच्या फाट्यावर जाऊन उभे राहिलो. ऋषिकेशने तिथे 'रस्ता बंद' असा पुठ्ठा लावला होता, तो कुणीतरी सकाळीच काढून टाकला होता. काही गाड्या कुरकुरत वळल्या. काहींनी काचही खाली केली नाही. मग आमच्याच सोसायटीतला अमोघ आला.

"अरे ऋषी! तू पण कॅम्पिंगला?"

"मागे फिर. ही गाडीची वाट नाहीये."

"मॅप तर दाखवतोय."

"मीच टाकली होती ती मॅपवर. चूक झाली. काढलीये आता."

"तू टाकलीस? भारी रे! वीस मिनिटं वाचतात." असं म्हणून त्याने अंगठा दाखवला आणि गाडी वर घातली. त्याच्या मागून आणखी तीन गेल्या. मला त्या अंगठ्याचा इतका संताप आला की मी दगड उचलला होता. फेकला नाही एवढंच.

थोड्या वेळाने वरून भोंगे ऐकू यायला लागले. चढावर एक गाडी रुतली होती आणि बाकीच्या तिच्या मागे अडकल्या होत्या. भोंगे थांबेनात. अर्ध्या तासाने खालून डॉक्टर सुलक्षणांची जीप आली. राजाबाईंनी बटण दाबलं होतं. जीपला पुढे जायला जागाच नव्हती. डॉक्टर बॅग घेऊन पायी निघाल्या, मागे आम्ही.

पोचलो तेव्हा उशीर झाला होता. भोंग्यांनी बिचकून एक गाभण मेंढी दरडीखाली गेली होती. तिच्या पोटातलं पिल्लूही वाचलं नाही. धुळा बाकीचा कळप वळवायला गेला. राजाबाई ऋषिकेशला म्हणाल्या, "तुमी वाट टाकली तवा समद्या पुण्याला कळली. आन् काढली तर कुनालाच कशी कळंना?"

त्याने नकाशाच्या प्रतींबद्दल सांगायला सुरुवात केली. मी त्याचा हात दाबला.

दोन दिवसांनी धुळा-राजाबाईंनी कळप खाली उतरवला. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तो शॉर्टकट सगळ्या ॲपवरून गेला. ऋषिकेश लगेच गाडी काढून निघाला, मीही गेले. कळप रस्त्याकडेच्या एका खाचरात बसला होता. बऱ्याच मेंढ्या व्याल्या होत्या.

"वाट गेली मॅपवरून. आता एकही गाडी येणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही वर जाऊ शकता."

"कालची कोकरं ही. चढतीन व्हय डोंगूर?" राजाबाई म्हणाल्या. "औंदा ऱ्हायलं ते."

"मग निदान पुढच्या वर्षी एक जरी गाडी दिसली तर मला फोन करा, मी स्वतः..."

राजाबाईंनी कोकराचं तोंड आचळाला लावलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "नगं दादा. तुमी आता आमच्यासाटी काय बी करू नगा."