मला क्लच जमत नाही, असं मी म्हणाले तेव्हा

बेळगावहून येताना महामार्गावर आमच्या गाडीचं इंजिन जाम झालं. रेडिएटरमधलं पाणी कधी गळून गेलं ते कळलंच नाही. तापमानाचा काटा वर चढलेला पप्पांना दिसला नाही, कारण त्या वेळी ते एका हाताने डावा गुडघा दाबत होते. हे फक्त मला माहीत होतं. घरी त्यांनी सांगितलं, काटाच खराब आहे.

गाडी उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे ओढून नेली. चार दिवसांनी त्यांनी बोलावलं म्हणून मी पप्पांबरोबर गेले. गॅरेजात मला बोलायला अवघड जातं. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे वाक्य मनात दोनदा मांडून बघते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो.

“साहेब, जयसिंगपूरला एक गाडी मिळालीया,” मिस्त्री म्हणाले. “मागनं ठोकलेली हाय, इंजिन एकदम कडक. आपलंच मॉडेल, पर ऑटोमॅटिक. आता त्याचा गिअरबॉक्सपण घ्यायचा, का नुसतं इंजिन घेऊन आपला ठेवायचा, तेवढं सांगा.”

“आपलाच ठेवा,” पप्पा म्हणाले. “ऑटोमॅटिक म्हणजे काय चालवणं झालं? पाळण्यात बसल्यागत.”

“व्हय की. ती बायकांची गाडी,” शेजारी टेम्पो दुरुस्तीला घेऊन आलेला एक जण स्टुलावरून म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मिस्त्रींनी दोन्ही बाजू सांगितल्या. आपला गिअरबॉक्स ठेवला तर काम सोपं, गाडी आठवड्यात रस्त्यावर. ऑटोमॅटिक घातला तर त्याची वायरिंग, कॉम्प्युटर, पेडलं, सगळं त्या गाडीतनं उचलून आणायचं. दुप्पट दिवस. यातलं बहुतेक मी आधीच फोनवर वाचलं होतं. इंजिन बदलावं लागणार हे कळल्यापासून चार संध्याकाळी घालवून इंजिन-गिअरबॉक्सबद्दल इंग्रजीत जे मिळेल ते वाचलं होतं, आणि कुठेच गुडघ्याबद्दल एक ओळ नव्हती.

पप्पा आमच्या जिन्यावरून हल्ली आडवे होऊन उतरतात. मध्ये थांबून कुंड्या बघतात. डॉक्टरांनी माझ्यासमोर ऑपरेशनचं काढलं होतं, ते त्यांनी घरी ‘तेल लावायला सांगितलंय’ इतकंच सांगितलं. बॅडमिंटन सुटलं तेव्हा म्हणाले, जोडीदार चांगले मिळत नाहीत. सायकल देऊन टाकली तेव्हा म्हणाले, रस्ते खराब झालेत. क्लचची गाडी परत आली असती तर त्यांनी ती चार-सहा महिने दात आवळून चालवली असती. मग एक दिवस किल्ली खिळ्याला अडकवून ट्रॅफिकला नावं ठेवली असती, आणि ते कायमचंच झालं असतं.

“मग आपलाच बसवतो,” मिस्त्री म्हणाले.

“मला क्लच जमत नाही,” मी म्हणाले.

हे वाक्य मी मनात एकदाही मांडलं नव्हतं.

पप्पांनी वळून बघितलं. मला गाडी त्यांनीच शिकवली होती, कसबा बावड्याला, साखर कारखान्याचं गाळप बंद असायचं तेव्हाच्या मोकळ्या रस्त्यावर. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची, एक इंच मागे सरकू द्यायची नाही. मला ते तिसऱ्या दिवशी जमलं. त्यांनी ते सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं.

“काय जमत नाही?”

“क्लच. सिग्नलला बंद पडते गाडी. आता मीच जास्त चालवणार ना.”

“तरी म्हटलं,” टेम्पोवाला म्हणाला. “आमच्या भैणीनं पैल्याच दिवशी दारातली तुळस पाडली. दाजी अजून गाडीत पाय ठेवत न्हाईत, चालत जात्यात.”

सगळे हसले. मीही हसले. पप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीवर ओळीने लावलेल्या पान्यांकडे.

“ऑटोमॅटिक बसवा,” ते शेवटी म्हणाले. “पोरीला चालवायचीय.”

मिस्त्री “बरं” म्हणाले आणि फडक्याला हात पुसू लागले.

मला वाटलं होतं, खोटं गॅरेजपुरतंच राहील. पण गाडी का अडकलीय हे जो तो विचारायचा, आणि पप्पा फोनवर सांगायचे, “हिला क्लच जमत नाही म्हणून.” आत्या म्हणाली, क्लास लावा तिला, आमच्या इथल्या एक बाई छान शिकवतात. मी शेजारच्या खोलीत ऐकायची. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त लागायचं.

गाडी तयार झाली त्या दिवशी मिस्त्रींनी दार उघडून दाखवलं. क्लचचं पेडल गेलं होतं. तिथे त्यांनी लोखंडाची तिरकी पट्टी बसवली होती, वर रबर लावून.

“ही ताईंसाठी,” ते म्हणाले. “डावा पाय ठेवायला. गुडघा अवघडत न्हाय.”

पप्पा बसले. त्यांचा पाय पट्टीवर नेमका टेकला. माझा पाय तिथवर पोचला नसता, मी त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर बुटकी आहे. मिस्त्री खाली वाकून पट्टीचा नट उगाच तपासत राहिले.

परत येताना पप्पांनीच चालवली. पहिल्या सिग्नलला त्यांचा हात गिअरवर गेला, थांबला, परत स्टिअरिंगवर आला. दुसऱ्या सिग्नलला ते म्हणाले, “कागलला काकांची जीप नुसती उभी असते. रविवारी जात जाऊ. तू ती चालव.”

“कशाला?”

“क्लचची सवय राहिली पाहिजे.”

“तिथं सगळे बघतील,” मी म्हणाले. “मला जमत नाही ना.”

पप्पांनी थोडा विचार केला.

“जेवणं झाल्यावर जाऊ,” ते म्हणाले. “तेव्हा सगळे झोपतात.”